शॅल, शुड आणि जकात: हवामान कराराचं खरं टेबल कुठलं?

अर्धविराम

पॅरिस, १२ डिसेंबर २०१५, शनिवार. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत कराराचा अंतिम मसुदा सगळ्यांच्या हातात पडलेला, समारोपाच्या सभेची वेळ टळून गेलेली, आणि सभा काही सुरू होईना. अमेरिकेच्या वकिलांना कलम ४ च्या चौथ्या परिच्छेदात एक शब्द खटकला होता. विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेसाठी उत्सर्जन-कपातीची लक्ष्यं घेऊन आघाडीवर राहावं, अशा अर्थाचं ते वाक्य. तिथे 'शुड' हवं होतं, छापून आलं 'शॅल'. मराठीत सांगायचं तर 'करावे'च्या जागी 'केलेच पाहिजे'.

बरीच पळापळ झाली. शेवटी सचिवालयाच्या अधिकाऱ्याने किरकोळ तांत्रिक दुरुस्त्यांची यादी वाचून दाखवली, त्यात हाही शब्द एका दमात वाचला, आणि परिषदेचे अध्यक्ष लोराँ फाब्यूस यांनी हातोडा मारला. झाला करार.

एका शब्दाची एवढी धास्ती का? 'शॅल' राहिला असता तर अमेरिकेवर ते नवं कायदेशीर बंधन ठरलं असतं, करार सेनेटपुढे न्यावा लागला असता, आणि तिथे तहाला दोन तृतीयांश मतं लागतात. शंभरातली ६७. याच सेनेटने जुलै १९९७ मध्ये, क्योटोच्या हवामान कराराच्या पाच महिने आधी, ठराव केला होता की विकसनशील देशांवरही त्याच काळात बंधन येणार नसेल, किंवा आपल्या अर्थव्यवस्थेला गंभीर इजा होणार असेल, तर असल्या करारावर सही करू नये. मतं ९५ विरुद्ध ०. शून्य! क्लिंटन प्रशासनाने १९९८ मध्ये क्योटोवर सही केली खरी, पण तो कागद सेनेटकडे कधी पाठवलाच नाही. २००१ मध्ये बुश आले आणि त्यांनी विषयच संपवला.

म्हणजे जगभराचा करार अशा मापाने शिवला गेला की त्याला एका देशाच्या एका सभागृहाचा उंबरठा ओलांडावा लागू नये. मी हे टोमणा म्हणून लिहीत नाहीये. वाटाघाटी करणाऱ्यांपुढे दुसरा रस्ता नव्हता, त्यांनी आहे त्यातून वाट काढली. पण त्याची किंमत बघा. प्रत्येक देश आपलं लक्ष्य आपणच ठरवतो, दर पाच वर्षांनी नवं देतो. चुकला तर? कलम १५ प्रमाणे एक समिती आहे, पण ती कुणाला आरोपी करणार नाही आणि शिक्षाही देणार नाही हे त्या कलमातच लिहून ठेवलंय. बाहेर पडायला नोटीस आणि एक वर्ष पुरतं. अमेरिका ४ नोव्हेंबर २०२० ला बाहेर, १९ फेब्रुवारी २०२१ ला आत, २० जानेवारी २०२५ ला पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. इतक्या वेळा तर लोक या संस्थळावरून संन्यास घेत नाहीत.

पैशाचं तेच. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देश म्हणाले, २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. आकडा गाठला २०२२ मध्ये, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा हिस्सा कर्ज म्हणून दिलेला. म्हणजे मदत घेणाऱ्याने ती व्याजासकट परत करायची. २०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना उठल्या आणि या मसुद्याला त्यांनी दृष्टिभ्रम म्हटलं. नोंद झाली, निर्णय कायम.

तर माझं म्हणणं असं की मोठ्या सत्तांमधली खरी हवामान-वाटाघाट आता परिषदेच्या सभागृहात होतच नाही. ती सरकून जकातीच्या खिडकीशी गेली आहे. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन आकारणी, सीबॅम म्हणतात तिला, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाली: लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज, हायड्रोजन. तिथे 'शुड' नाही. माल आणलात की आयातदाराने प्रमाणपत्रं विकत घ्यायचीच. पटतंय का?

पाणकावळा

लेख आवडला, निष्कर्ष नाही. करारात दम नसतो असं तुम्ही सुचवताय. मग माँट्रियलचं काय? १९८७ चा ओझोन करार. रेगनसारखा नियमांना नाक मुरडणारा अध्यक्ष असताना सेनेटने तो १९८८ मध्ये ८३ विरुद्ध ० ने मंजूर केला. त्यात बंधन होतं, वेळापत्रक होतं, गरीब देशांना जास्त मुदत होती, पुढे १९९० मध्ये त्यांच्यासाठी निधीही आला. आणि ओझोनचा थर सावरतोय.

तिरकी रेघ

माँट्रियलमध्ये आणखी एक गोष्ट होती जी तुम्ही सोडलीत. करारात नसलेल्या देशांशी त्या रसायनांचा व्यापारच करायचा नाही, असं कलम होतं. बाहेर राहणाऱ्याचा बाजार बंद. म्हणजे तुमचंच उदाहरण अर्धविराम यांच्या बाजूने जातंय.

शिवाय तिथे बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्यायी रसायन त्यांनाच विकायचं होतं. कोळसा, तेल आणि वायू म्हणजे एखादं रसायन नव्हे, त्यावर अख्ख्या देशांचे खजिने चालतात.

पाणकावळा

मान्य. व्यापाराचं कलम विसरलो नव्हतो, सोयीस्कर बाजूला ठेवलं होतं. :)

खडूफळा

आकडे मांडल्याशिवाय हा वाद हवेतच राहील, म्हणून फळ्यावर लिहितो. सगळे ढोबळ, आणि फक्त कार्बन डायऑक्साइडचे.

आज वर्षाला जेवढा धूर निघतो त्यात चीनचा वाटा सुमारे ३० टक्के, अमेरिकेचा १३ च्या आसपास, भारताचा ८ च्या जवळ, युरोपीय संघाचा त्याहून जरा कमी. आता फळा पुसा आणि औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज करा: अमेरिका एकटी जवळपास पाव हिस्सा, आजचा युरोपीय संघ १७ टक्क्यांच्या आसपास, चीन साधारण १५, भारत ३-४. पुन्हा पुसा, माणशी काढा: अमेरिकन माणूस वर्षाला १४ टन, चिनी ८ च्या वर, भारतीय २ च्या आसपास.

तीन फळे, तीन वेगवेगळे आरोपी. प्रत्येक देश परिषदेला जाताना आपल्या सोयीचा फळा काखोटीला मारून जातो. १९९२ च्या रिओ करारातलं 'सामायिक पण भिन्न जबाबदारी' हे वाक्य तिन्ही फळे एकाच भिंतीवर टांगता यावेत म्हणूनच लिहिलं गेलं. फक्त त्या करारात विकसित देशांची यादी परिशिष्टात नावानिशी गोठवली. तेव्हाचा चीन आणि आजचा चीन यात जमीन-अस्मानाचा फरक पडला, यादी तिथेच राहिली.

वातकुक्कुट

चौथा फळा राहिला: माल कुठे बनला ते न बघता कुणी वापरला त्याप्रमाणे धूर मोजायचा. मग चीनचा आकडा खाली येतो आणि युरोपचा वर जातो. हा फळा मात्र कुणीच काखोटीला मारत नाही, कारण तो सगळ्यांनाच अडचणीचा.

जुनी वही

अर्धविराम, तुमच्या लेखातल्या एका शब्दावर माझा आक्षेप आहे: 'आता'. वाटाघाट आता जकातीकडे सरकली म्हणता. ती तिथून कधी हललीच नव्हती.

क्योटो करार अमलात यायला दोन अटी होत्या. ५५ देशांची मंजुरी, आणि विकसित गटाच्या १९९० च्या उत्सर्जनातले किमान ५५ टक्के धरणारे देश. अमेरिका गेल्यावर दुसरी अट रशियाशिवाय पुरी होणं अशक्य झालं. रशियाला तर क्योटोत फायदाच होता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कारखाने बंद पडले, उत्सर्जन आपोआप १९९० च्या खूप खाली गेलं, म्हणजे काहीही न करता विकायला उत्सर्जनाचे परवाने हातात. तरी पुतिन यांनी वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं. मे २००४ मध्ये युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेतल्या रशियाच्या प्रवेशाला पाठिंबा दिला, आणि त्याच सुमारास पुतिन म्हणाले की क्योटोला मंजुरी देण्याचं काम लवकर उरकू. नोव्हेंबरमध्ये मंजुरी, १६ फेब्रुवारी २००५ ला करार लागू. हवामानाचा पहिला बंधनकारक करार जिवंत झाला तो व्यापाराच्या सौद्यावर.

दुसरं. हातोड्याचा उल्लेख तुम्ही केलात, त्याची गंमत सांगते. या परिषदांना कामकाजाचे नियम आहेत, पण ते आजतागायत मंजूरच झालेले नाहीत. मतदानाचा नियम कुठला ठेवायचा यावर पहिल्या परिषदेपासून एकमत नाही, तेल विकणाऱ्या देशांना बहुमताचा नियम नकोच होता. म्हणून सगळं 'सर्वसहमती'ने. आता सहमती म्हणजे काय? तर अध्यक्षाचं कान आणि डोळे. २०१० ला कानकूनमध्ये बोलिव्हिया शेवटपर्यंत नाही म्हणत होता, अध्यक्षांनी हातोडा मारला. २०१२ ला दोह्यात रशिया हात वर करून बसला होता, अध्यक्षांनी तिकडे न बघता हातोडा मारला. पुढच्या वर्षी रशियाने बॉनच्या बैठकीत कार्यक्रमपत्रिकाच अडवून त्याचं उट्टं काढलं. बोलिव्हियाला असं करता आलं नाही. सहमती सगळ्यांची, पण सगळ्यांचा 'नाही' सारख्या वजनाचा नसतो.

अर्धविराम

जुनी वही, 'आता' मागे घेतो. रशियाचा सौदा माहीत होता, पण माझ्या मुद्द्याशी तो जोडून पाहिला नव्हता.

वातकुक्कुट

कोपनहेगनचा किस्सा कुणी सांगितला नाही अजून. ओबामा चीनच्या वेन जियाबाओंना भेटायला म्हणून खोलीत शिरले, तर आत मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झुमा आधीच बसलेले. चौघांची आपली आपली बैठक चालू. ओबामा तिथेच टेकले आणि जो मजकूर ठरला तो उरलेल्या देशांपुढे ठेवला गेला. त्यांनी त्याची फक्त 'नोंद' घेतली. म्हणजे लग्नाला हजारो पाहुणे आणि याद्या झाल्या मागच्या खोलीत. :ड

तिरकी रेघ

सीबॅमचं एवढं कौतुक नको. बाहेरच्या मालाने आमचे कारखाने बुडू नयेत ही मूळ चिंता, पर्यावरण हा वरचा रंग. चीन, भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका हे एकतर्फी व्यापारी निर्बंध म्हणून याला विरोध करतात तो काही निव्वळ कांगावा नाही. सामायिक पण भिन्न जबाबदारीत 'भिन्न' होतं ना? सीमेवर टनाला दर सगळ्यांना एकच. १९९० पासूनच नव्हे, १८९० पासून धूर सोडणारा आणि काल सुरुवात केलेला, दोघांना तीच पट्टी. आणि वसूल झालेला पैसा जातो कुठे? युरोपच्याच तिजोरीत. गरीब देशांच्या संक्रमणासाठी राखून ठेवला असता तर मी पहिली टाळी वाजवली असती.

आणि बाजाराच्या हातात हवामान दिलं की काय होतं याचा एक नमुना. क्योटोमध्ये स्वच्छ विकास यंत्रणा होती: गरीब देशात धूर कमी करा, त्याचे श्रेयांक श्रीमंत देशाला विका. शीतक वायू, एचसीएफसी-२२, बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपपदार्थ निघतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. जाळून टाकायला खर्च किरकोळ, पण जाळल्याबद्दल मिळणारे श्रेयांक प्रचंड, म्हणून सुरुवातीच्या श्रेयांकांतला मोठा हिस्सा या मूठभर कारखान्यांनी उचलला. उपपदार्थ जाळून मुख्य मालापेक्षा जास्त कमाई होऊ लागल्यावर कारखानदार काय करेल? घाण जास्त निघेल अशा बेताने माल बनवेल. तसे आरोप झालेच. शेवटी युरोपने २०१३ पासून हे श्रेयांक घेणं बंद केलं.

गणिती गोगलगाय

सीबॅमचा हिशेब एकदा मांडू, म्हणजे भांडण कशावर आहे ते कळेल. सोपं करून सांगतो, खरा नियम जास्त किचकट आहे.

समजा एक टन पोलाद बनवताना २ टन कार्बन डायऑक्साइड निघाला आणि युरोपात एक टन धूर सोडायच्या परवान्याचा दर ७० युरो आहे. आकारणी पूर्ण लागू झाली की आयातदाराच्या डोक्यावर १४० युरो. पण मूळ देशात त्या कारखान्याने धुराच्या टनाला २० युरो कार्बन-दर आधीच भरला असेल, तर ४० युरोंची वजावट मिळते. उरले १००.

आता त्या मूळ देशाच्या अर्थमंत्र्याच्या खुर्चीत बसा. ते ४० युरो गोळा करायचे की नाही, एवढंच तुमच्या हातात. कारखान्याला एकूण भुर्दंड तेवढाच. तुम्ही नाही घेतले तर ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, घेणार. मग सोडाल?

पूर्ण आकारणी आज नाही, हेही लिहिलं पाहिजे. २०२६ मध्ये फक्त २.५ टक्के हिस्सा लागू, २०३० ला ४८.५, आणि १०० टक्के २०३४ मध्ये. जसजशी युरोपातल्या कारखान्यांना मिळणारी फुकट परवान्यांची खिरापत कमी होईल, तसतशी सीमेवरची आकारणी वाढेल.

पाणकावळा

गोगलगाय, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा सरस. (अर्धविराम, राग नसावा.) आणि हे नुसतं गणित राहिलेलं नाही. चीनने आपला उत्सर्जन-बाजार विजेपुरता होता तो २०२५ मध्ये पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियमपर्यंत वाढवला. भारताने २०२३ मध्ये कार्बन श्रेयांक व्यापार योजना अधिसूचित केली. याला इतर कारणंही आहेत, पण नाक दाबल्याचा वाटा त्यात आहेच.

तिरकी रेघ

नाक दाबायला समोरचा आपल्यापेक्षा लहान लागतो. युरोपने हाच प्रयोग २०१२ मध्ये विमानांवर केला होता. युरोपात उतरणाऱ्या किंवा तिथून उडणाऱ्या प्रत्येक विमानाने परवाने घ्यायचे. चीनने आपल्या कंपन्यांना त्यात सामील व्हायला मनाई केली, युरोपच्या एअरबस कंपनीकडच्या विमान-खरेदीच्या ऑर्डरी लटकल्या. अमेरिकेने आपल्या कंपन्यांना या योजनेपासून रोखण्याचा कायदा केला, त्यावर सही कुणाची? ओबामांची. युरोपने घड्याळ थांबवलं, ते परदेशी लांब पल्ल्याच्या विमानांसाठी पुन्हा चालू केलंच नाही.

आणि आत्ताचं बघा. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने एप्रिल २०२५ मध्ये जहाजांच्या धुरावर दर लावण्याचा आराखडा ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्य केला होता. तिथे मतदान चालतं बरं का. ऑक्टोबरमध्ये लंडनला अंतिम शिक्कामोर्तब व्हायचं होतं. अमेरिकेने आधीच बजावलं: बाजूने मत द्याल तर आयात शुल्क, व्हिसावर बंधनं, बंदरात जादा आकार. सौदी अरेबियाने वर्षभर पुढे ढकलायचा प्रस्ताव आणला आणि तो ५७ विरुद्ध ४९ ने मंजूर झाला. जकात दुधारी आहे. हवामानासाठी चालते तशी हवामानाविरुद्धही चालते.

अर्धविराम

हा घाव वर्मी बसला. मी 'जकातीच्या खिडकीत शुड नसतो' म्हणालो ते खरं, पण खिडकीच्या आत कोण बसलंय त्यावर सगळं ठरतं, हे लिहायला हवं होतं.

खडूफळा

दोघांनाही एक विचारतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगाचा धूर वाढायचा वेग ज्यामुळे मंदावला ती गोष्ट कुठल्या टेबलावर ठरली? सौर पॅनेल. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर विजेला वीस वर्षं चढा दर बांधून दिला, म्हणजे तिथल्या ग्राहकांनी बिलातून जगाची शिकवणी-फी भरली. चीनने ती मागणी बघून कारखाने उभे केले, स्वस्त कर्ज, स्वस्त जमीन, एकमेकांशी गळेकापू स्पर्धा. २०१० च्या दशकात पॅनेलची किंमत सुमारे ९० टक्के घसरली. आज पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. जर्मनीतल्या बऱ्याच पॅनेल कंपन्या या भावापुढे टिकल्या नाहीत. यात कुणी कुणाशी सहकार्य केलं? ठरवून तर नाहीच.

आणि आता ज्यांना लक्ष्यं गाठायला हाच स्वस्त माल हवा, तेच त्यावर शुल्क लावतात. २०२४ मध्ये बायडन यांनी चिनी विजेच्या गाड्यांवर १०० टक्के, युरोपने नेहमीच्या १० टक्क्यांवर आणखी ३५.३ पर्यंत. हवामानमंत्र्याला स्वस्त गाडी हवी, उद्योगमंत्र्याला ती नको, आणि दोघं एकाच मंत्रिमंडळात.

जुनी वही

खडूफळा, ठरवून नाही हे अर्धंच खरं. नोव्हेंबर २०१४ मध्ये बीजिंगला ओबामा आणि शी जिनपिंग एकत्र उभे राहिले. अमेरिका म्हणाली २०२५ पर्यंत २००५ च्या तुलनेत २६ ते २८ टक्के कपात, चीन म्हणाला साधारण २०३० ला आमच्या उत्सर्जनाचं शिखर, मग उतार. ते झालं नसतं तर पॅरिस झालं नसतं. ९५-० च्या ठरावातली तक्रारच ती होती ना, की चीन मोकळा आहे.

पण हे नातं किती नाजूक आहे तेही लगेच दिसलं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्या आणि चीनने ज्या चर्चा थांबवल्या त्यात हवामानाची होती. पुढे २०२३ मध्ये दोन्ही देशांचं सनीलँड्सचं संयुक्त हवामान-निवेदन आलं, कारण अमेरिकेचे हवामानदूत जॉन केरी आणि चीनचे शिए झेनहुआ हे दोन म्हातारे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते. दोघंही आता त्या पदांवर नाहीत.

वातकुक्कुट

सप्टेंबर २०२५ मध्ये चीनने २०३५ साठी शिखरापासून ७ ते १० टक्के कपात जाहीर केली. कमी आहे म्हणून ओरड झाली. माझा अंदाज, ते कमी बोलून जास्त करतील. पाश्चात्त्यांचं नेमकं उलट. माझं नाव बघून या अंदाजाला किती किंमत द्यायची ते ठरवा.

गणिती गोगलगाय

परत धाग्याच्या विषयावर. अर्धविराम, तुमचा दावा तपासायची तारीख ठरलेली आहे. २०२६ मध्ये आलेल्या मालाची सीबॅम प्रमाणपत्रं प्रत्यक्ष विकायला सुरुवात होणार फेब्रुवारी २०२७ मध्ये. आत्ता सगळे नुसते मोजतायत, पैसे कुणीच भरलेले नाहीत. तोवर अमेरिकेने आपल्या मालासाठी सूट पदरात पाडली, तर तिरकी रेघ जिंकल्या. नाही पाडली, तर तुम्ही.

तिरकी रेघ

मान्य. आणि सूट 'तांत्रिक दुरुस्ती' म्हणून वाचून दाखवली, तर मला दुप्पट गुण.

अर्धविराम

चालेल. फेब्रुवारी २०२७ ला धागा वर काढतो.